आधी मुदपाकखाना

आमची पहिली युरोपवारी २०१४ सालची. बारा दिवस, एक बस, चाळीस माणसं आणि पाच राजवाडे: पॅरिसजवळचा व्हर्साय, म्युनिकचा रेसिडेन्झ, बव्हेरियाच्या डोंगरातला नॉयश्वानस्टाइन, आणि व्हिएन्नातले होफबुर्ग व शॉनब्रुन. घरी आल्यावर जावेला फोटो दाखवायला बसले. एक सोनेरी छत आलं. “हे कुठलं गं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, व्हर्साय. हे म्हणाले, “नाही, व्हिएन्ना.” पुढच्या फोटोतही सोनेरी छत, लाल मखमलीच्या खुर्च्या आणि झुंबर. शेवटी फोटोची तारीख बघून गाव ठरवावं लागलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पै पै साठवून केलेली वारी, आणि आठ दिवसांत सगळं एकमेकांत कालवलं गेलं होतं.

शॉनब्रुन तर पाचवा. त्या वाड्याला १,४४१ खोल्या. बघायला त्यातल्या थोड्याच खुल्या असतात, तरी अर्ध्या वाटेतच मी भिंतीपाशी उभी राहून डोळे मिटून घेतले. नंतर घरी वाचलं, की सहा वर्षांच्या मोझार्टनं १७६२ साली याच वाड्यात सम्राज्ञी मारिया तेरेसापुढे वाजवून दाखवलं होतं. सम्राट फ्रान्झ योसेफ इथेच १८३० साली जन्मला, इथेच १९१६ साली वारला, आणि एवढा मोठा सम्राट साध्या लोखंडी खाटेवर झोपायचा. ती खाट माझ्या डोळ्यांसमोरून गेली असणार. मला ती आठवत नाही, याचं अजून वाईट वाटतं.

त्या पाच राजवाड्यांतली एकच खोली आम्हा दोघांना लख्ख आठवत होती. नॉयश्वानस्टाइनचं स्वयंपाकघर.

आमचं सांगलीत जेवणावळींचं काम. सासऱ्यांनी सुरू केलं तेव्हा त्याला कुणी केटरिंग म्हणत नसे. हे भट्टीकडं बघायचे, आणि सव्वीस वर्षं कोठी माझ्याकडे होती. किती माणसांना किती तूरडाळ, पंगत किती वाजता बसणार, कुठल्या घरचं कांदा-लसूण चालत नाही, हे सगळं माझ्या वहीत. आता मुलगा बघतो. तर नॉयश्वानस्टाइनला वरच्या नक्षीतले सगळे हंस आणि सिंहासनाचा दिवाणखाना बघून आम्ही खाली उतरलो, आणि बाहेर पडायच्या वाटेवर ते स्वयंपाकघर लागलं. दुसऱ्या लुडविग राजानं या किल्ल्याचं काम १८६९ साली सुरू केलं. तो तिथे जेमतेम १७२ दिवस राहिला, आणि १८८६ च्या जूनमध्ये स्टार्नबेर्गच्या तळ्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर सात आठवड्यांत किल्ला तिकीट लावून लोकांना खुला झाला. म्हणजे ते स्वयंपाकघर फारसं वापरलंच गेलं नाही.

पण काय स्वयंपाकघर! गरम आणि गार पाण्याचे नळ. ताटं ऊन ठेवायचं कपाट. आणि मांस भाजायच्या चुलाणात आडवी सळई, जी माणसानं फिरवायची नाही. धुराड्यात पंखा बसवलेला. गरम हवा वर चढताना पंखा फिरतो आणि दातेरी चाकांवरून सळईला फिरवतो. जाळ मोठा झाला की सळई जोरात फिरणार, जाळ मंदावला की तीही मंद होणार. म्हणजे करपायला वावच नाही. आम्ही शाकाहारी स्वयंपाक करणारी माणसं, पण हे बघून यांनी माझा दंड धरला. “अगं, जाळच जाळाला सांभाळतोय.” मागून आमचा म्होरक्या “चला, चला, बस सुटेल” म्हणत होता.

तेव्हा ध्यानात आलं नाही, पुढे आलं. पाय दुखले म्हणून आम्ही थकलो नव्हतो. लग्नसराईत सोळा तास उभं राहायची आम्हाला सवय आहे. ताटात सगळंच गोड वाढलं तर माणूस तिसऱ्या घासाला हात आखडता घेतो, तसं झालं होतं. श्रीखंडावर बासुंदी, बासुंदीवर जिलेबी. आमच्या धंद्यात असं वाढणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर हवीच. मग डोळ्यांपुढे ताट मांडताना आपण हे का विसरलो?

२०२३ साली भाचीनं इंग्लंडमध्ये रेडिंगला बोलावलं, चांगला पाच आठवड्यांचा मुक्काम. तिनं मोठ्या हौसेनं यादी पाठवली, सोळा राजवाडे आणि किल्ले. मी तिला फोन केला. “बाळा, यातल्या कुठल्या वाड्याचा मुदपाकखाना बघायला मिळतो, तेवढं शोध.” तिला शब्द कळला नाही. पेशवाईतला शब्द, राजवाड्याचं स्वयंपाकघर. सासरे आमच्या कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडलाही मुदपाकखानाच म्हणायचे. तिनं दोन दिवस शोधाशोध केली आणि यादी सोळावरून तिनावर आली. विंडसर गेलं, ब्लेनहाइम गेलं, बकिंगहॅम पॅलेस गेला. “मावशी, बकिंगहॅम नाही बघणार? लोक काय म्हणतील?” तिनं विचारलं. लोकांना मी फोटो दाखवणारच नव्हते.

उरलेल्या तिनांतला पहिला हॅम्प्टन कोर्ट. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून आगगाडीनं पाऊण तासाच्या आत पोचतो. आम्ही दारं उघडायच्या वेळेला हजर होतो आणि वरच्या दालनांकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात शिरलो. खरं तर त्याला घर म्हणता येणार नाही, पन्नासहून जास्त खोल्यांचा तो एक वाडाच आहे. आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या ६०० माणसांचं दोन वेळचं जेवण इथे रांधलं जायचं. रोज. आमच्याकडे सहाशे पानांचं लग्न म्हणजे आदल्या रात्रीपासून धावपळ, आणि दुसऱ्या दिवशी झोप काढायची मुभा. इथे दुसऱ्या दिवशीही सहाशेच.

मोठ्या स्वयंपाकघरात सहा चुलाणं आहेत, एकेक इतकं रुंद की आत खाट मावेल. एकात खरा जाळ पेटवलेला होता. जुन्या पोशाखातला एक माणूस सळई फिरवत होता आणि बघणाऱ्यांनाही हात लावू देत होता. यांनी सळई हातात घेतली. चार-पाच मिनिटांत यांचा डावा गाल लाल झाला, उजवा तसाच. सळई थांबवायची नाही, कारण थांबली की खालची बाजू जळते. हेन्रीच्या काळी हे काम करणारी पोरं दिवसभर त्या जाळाशेजारी उभी असायची. मला नॉयश्वानस्टाइनचा पंखा आठवला. तीन-साडेतीनशे वर्षांनी त्या पोरांच्या जागी पंखा आला होता. दोन राजवाडे मनात असे एकमेकांना जोडले गेले, आणि हे जोडणं कुठल्याही माहिती-यंत्रानं कानात सांगितलेलं नव्हतं.

तिथला एक बोळही विसरणार नाही. फिश कोर्ट म्हणतात. दोन उंच भिंतींमधली अरुंद गल्ली, जिथे ऊन उतरत नाही, म्हणून दोन्हीकडच्या कोठ्या गार राहतात. जूनमध्ये आम्ही बाहेर घामाघूम होतो, आणि त्या बोळात हात भिंतीला लावला तर पहाटेच्या रांजणासारखा गारवा. बर्फ नाही, यंत्र नाही, फक्त भिंती कुठे उभ्या करायच्या याची अक्कल.

आणि फाटकावरची ती कचेरी! आत येणाऱ्या प्रत्येक पोत्याची, पिंपाची नोंद ठेवणारे कारकून फाटकाच्या वर बसायचे. त्यांच्या टेबलावर हिरवं कापड असायचं, म्हणून त्या खात्याचं नावच हिरव्या कापडावरून पडलं. मी त्या खिडकीखाली बराच वेळ उभी राहिले. सव्वीस वर्षं मी हेच काम केलं. कार्यालयाच्या मागच्या दारात स्टुलावर बसून गुळाच्या ढेपा मोजल्या, दुधाचे कॅन मोजले. राजवाड्यात माझ्या कामाची खुर्ची मला पहिल्यांदा दिसली.

दुपारी दीडला आम्ही थांबलो. हेन्रीचा मोठा दरबार-हॉल पाहिला, कारण तिथेच ते जेवण वाढलं जायचं. पुढच्या शतकातल्या राजांची दालनं पाहिलीच नाहीत. बागेत बसून दशम्या आणि तिळाची चटणी खाल्ली. तिकीट पूर्ण काढलंय म्हणून सगळं बघून घ्यायचं, हा हिशेब मला पटत नाही. पंगतीचे पैसे भरलेत म्हणून पोट फुटेस्तोवर कुणी खात नाही.

मग मध्ये सहा दिवस एकही राजवाडा नाही. भाचीच्या घरामागच्या कालव्याकाठी फिरलो, शनिवारच्या बाजारात भाजी घेतली.

दुसरा ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन. लंडनहून तासाभराच्या अंतरावर, समुद्राकाठी. या वाड्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बाहेरून बघाल तर घुमट, मिनार, जाळीच्या कमानी. आपल्याकडचं काहीतरी उचलून इंग्लंडच्या हिरवळीवर ठेवलंय असं वाटतं. पुढे चौथा जॉर्ज झालेल्या राजपुत्रासाठी जॉन नॅश या वास्तुकारानं १८१५ पासून हे रूप दिलं. दोघांपैकी कुणीही भारतात आलेला नव्हता. आत गेलात तर सगळं चिनी नक्षीचं, ड्रॅगन, बांबू, कमळं. पण मी दिवाणखाने भराभर ओलांडले. मला पोचायचं होतं ते स्वयंपाकघर भोजनदालनाला जवळजवळ लागूनच आहे, आणि राजवाड्यांत ही दुर्मीळ गोष्ट. व्हर्सायला स्वयंपाक रस्त्यापलीकडच्या वेगळ्या इमारतीत व्हायचा आणि शिपायांच्या पहाऱ्यात ताटं राजाकडे चालत जायची, तोवर रस्सा निवायचा. ब्रायटनच्या राजपुत्राला ऊन जेवण हवं होतं. मधोमध वाफेवर तापणारं लोखंडी टेबल, पदार्थ ऊन ठेवण्यासाठी. आम्ही आज बुफेत खाली गरम पाणी ठेवून जी भांडी मांडतो, तीच युक्ती दोनशे वर्षांपूर्वीची.

छताला आधार द्यायला चार सडपातळ लोखंडी खांब, आणि त्यांच्या माथ्यावर तांब्याच्या पत्र्याच्या झावळ्या. ताडाची झाडंच. स्वयंपाकघर कुणाला दाखवायचं म्हणून नव्हे, इथे काम करणाऱ्यांच्या डोक्यावर कुणी झावळ्या धरल्यात, असं वाटलं. फ्रेंच आचारी कारेम इथे काही महिने होता. १८१७ च्या जानेवारीत रशियाच्या राजपुत्रासाठी त्यानं शंभरावर पदार्थांचं जेवण रांधलं. शंभरावर! आमच्या लग्नात बावीस पदार्थ झाले की मी रात्री वही उशाशी घेऊन झोपते.

भिंतीवर तांब्याची भांडी, पाचशेहून जास्त. मोठ्या हंड्यांपासून तळहाताएवढ्या साच्यांपर्यंत. मी वाकून एका पातेल्याच्या आत बघितलं. पांढुरकी कल्हई, तळाशी थोडी झिजलेली, आणि झिजल्या जागी तांबूस तांबं वर आलेलं. पळी फिरून फिरून कल्हई तिथेच झिजते. आमच्या सासूबाईंच्या पातेल्यात तीच जागा तशीच आहे. मग पाटी वाचली. ही भांडी मूळची लंडनच्या ॲप्सली हाऊसमधली, ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या घरची. हे म्हणाले, “वेलिंग्टन म्हणजे असईचा वेलस्ली.” जालना जिल्ह्यातलं असई, सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी झालेली लढाई. त्याच माणसाच्या घरची पातेली. आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही.

आणि शेवटी ती दोन दालनं, ज्यांच्यासाठी मी ब्रायटनला पुन्हा जाईन. १९१४ च्या डिसेंबरात पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी या राजवाड्याचं इस्पितळ केलं. १९१६ च्या सुरुवातीपर्यंत ते इथे होते. भिंतीवर जुने फोटो आहेत. ड्रॅगनच्या झुंबराखाली ओळीनं खाटा, खाटांवर फेटे बांधलेले जवान. त्या थोर स्वयंपाकघरात शस्त्रक्रिया होत. मग रांधायचं कुठे? बाहेरच्या आवारात नऊ वेगवेगळे भटारखाने उभारले होते. धर्माप्रमाणे, जातीप्रमाणे ज्याला ज्याच्या हातचं चालतं त्याच्या हातचं मिळावं म्हणून. हिंदू आणि मुसलमान जवानांसाठी पाण्याचे नळसुद्धा वेगळे.

जातींची ही वाटणी मला बरी वाटत नाही, आमच्या शेडमध्ये मी ती कधी चालू दिली नाही. पण घरापासून हजारो मैलांवर, पाय तुटलेल्या पोराला ओळखीची चव मिळावी म्हणून कुणीतरी नऊ चुली मांडल्या, हेही तितकंच खरं. त्या चुलींवर कोण बसलं होतं, पोळ्या कोण लाटत होतं, सकाळचा चहा कितीला द्यायचे? मला हे जाणून घ्यायचं होतं. फोटोत एक माणूस मोठ्या परातीवर वाकलेला आहे. चेहरा दिसत नाही, फक्त पाठ. कणीक मळताना पाठ जशी वाकते तशीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या टेकड्यांवर गेलो. यांचा गुडघा सांभाळत, थांबत थांबत. ज्या हिंदू आणि शीख जवानांना मृत्यू आला, त्यांतल्या ५३ जणांना इथे अग्नी दिला आणि रक्षा समुद्रात सोडली. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे, १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं उद्घाटन झालं. तिचं नावही ‘छत्री’च. पुण्याला वानवडीत महादजींची शिंदे छत्री आहे, त्याच अर्थानं. खाली मेंढ्या चरत होत्या, पलीकडे समुद्राची रेघ. पॅव्हिलियनच्या तिकिटावर ही जागा येत नाही. पण ती पाहिल्याशिवाय तो वाडा मला अर्धाच कळला असता. आदल्या दिवशीच आणखी एखादा किल्ला यादीत असता, तर इथवर चढायचं त्राण आमच्यात उरलं नसतं.

तिसरं नाव व्हर्साय, आणि भाचीला तेच समजेना. “तो तर तुम्ही पाहिलाय!” पाहिलाय, आणि आरसेमहालात चाळीस माणसांच्या पाठी पाहिल्यात. यावेळी आम्ही राजवाड्यात पाऊलही टाकलं नाही. वाड्यापासून चालत काही मिनिटांवर चौदाव्या लुईचा भाजीमळा आहे, पोताजे द्यु र्वा. नऊ हेक्टर. ज्यां-बातिस्त द ला कँतिनी या माणसानं १६७८ ते १६८३ मध्ये तो वसवला, तोही दलदलीवर.

तिथे गर्दी नव्हती. मधोमध गोल हौद, त्याभोवती चौकोनी वाफे, सगळीकडे उंच भिंती. या भिंती राखणीपेक्षा उबेसाठी जास्त. दिवसभर ऊन पितात आणि रात्री परत देतात. भिंतीला पाठ लावून नासपतीची झाडं, फांद्या दोन्ही हात पसरल्यासारख्या आडव्या बांधलेल्या. लुईला अंजीर फार आवडायचे, आणि जानेवारीत शतावरीचे कोंब, मार्चअखेर स्ट्रॉबेरी हवी असायची. ला कँतिनीनं ते करून दाखवलं. तबेल्यातली ताजी लीद वाफ्यात भरायची, लीद कुजताना जी ऊब सोडते तिच्यावर रोपं वाढवायची, वरून काचेच्या हंड्या झाकायच्या. यांचं बालपण तासगावच्या मळ्यात गेलं. यांनी चटकन मातीची मूठ उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाले, “शेतकऱ्यानं केलंय हे. राजाचं काय, त्यानं फक्त खाल्लं.” तिथे ला कँतिनीचा पुतळा आहे. आम्ही त्याला नमस्कार करून आलो.

आता जाऊबाई फोटो मागते तेव्हा मी मोजून अकरा दाखवते. कुठल्या गावचा कुठला, हे मला तारीख न बघता सांगता येतं.

ज्यांना स्वयंपाकघरात रस नाही, त्यांनी माझी यादी घेऊ नये. आमच्या शेजारचे सुतारकाका निघालेत, त्यांना मी सांगितलं, तुम्ही जिने आणि दारं बघा. जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गच्या वाड्याचा बाल्थाझार नॉयमाननं बांधलेला जिना बघा, त्यावर एकही खांब न देता पेललेली भली थोरली घुमटी आहे. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात वाडा जळला आणि ती टिकली. तिच्या पोटावर त्येपोलो या चित्रकारानं चार खंडं रंगवलीत, आशिया हत्तीवर बसलीय. काका आता फक्त तेवढ्यासाठी एक दिवस ठेवणार आहेत. त्यांच्या बाईंना शिवणाची आवड आहे, त्या पडदे आणि भरतकाम बघतील. एकाच वाड्यात दोघं दोन वाटांनी गेले तरी चालेल. आपल्या हातांना जे काम ठाऊक आहे, ते डोळ्यांना लवकर दिसतं आणि उशिरापर्यंत दिसत राहतं. आणि एका दिवशी एकच वाडा, तोही एक दिवसाआड.

पुढच्या वेळी पोर्तुगालला जायचं चाललंय. सिंत्रा गावातल्या जुन्या राजवाड्यावर दोन पांढरी शंकूच्या आकाराची धुराडी आहेत, ३३ मीटर उंच. गावात कुठूनही तीच दिसतात. खाली मुदपाकखाना. यांना इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याची धुराड्यांची रांग बघायची आहे, पण एका वारीत एकच ताट, असं ठरलंय. तुमच्यापैकी कुणी सिंत्राला जाऊन आलं असेल तर मला एवढंच कळवा: त्या धुराड्याखाली उभं राहून वर मान केली, तर आभाळ दिसतं का?